विमलच्या नावाचं खत

पावसाने उघाड दिली आहे. अंगणातली माती पायाला चिकटत नाही आणि कडकही झालेली नाही. बोट खुपसलं तर हळूच आत जातं. विमल याला उपटायचं ऊन म्हणायची. असं ऊन आषाढात थोडाच वेळ येतं, आणि तेवढ्या वेळात तिला घरात कुणी थांबवू शकत नसे. कणीक परातीत झाकलेली राहायची, वरणाखालचा गॅस बंद व्हायचा, आणि ती माझे जुने मोजे हातांत कोपरापर्यंत चढवून बाहेर. मी आतून विचारायचो, "जेवायचं काय?" बाहेरून उत्तर यायचं, "गवत जेवू देते का मले?"

गाजर गवताचं रोप कोवळं असताना देखणं असतं, हे मला फार उशिरा कळलं. जमिनीला बिलगून गोल पसरलेलं, पानं कोथिंबिरीसारखी कातरलेली, रंग फिकट हिरवा. नवख्या माणसाने पाहिलं तर त्याला पाणी घालावंसं वाटेल. मी सध्या तेच करतो आहे, पण त्याबद्दल पुढे सांगतो.

मी सिंदी रेल्वे या गावचा. नोकरी वर्ध्याला, एका कॉलेजच्या ग्रंथालयात. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परतायचं. रुळांच्या दोन्ही बाजूंना पावसाळ्यात ते पांढरं फुललेलं गवत कमरेइतकं उभं असायचं, गाडी गेली की वाकायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं. नोकरीभर मी ते खिडकीतून बघत आलो. नाव माहीत होतं. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते या देशात आलं, असं कुठेतरी वाचलंही होतं. एखाद्या वस्तूबद्दल वाचलेलं असलं की ती वस्तू आपल्याला ठाऊक आहे असं वाटायला लागतं. पुस्तकांत वावरणाऱ्यांना ही खोड लवकर लागते.

विमलने ते गवत वाचलं नव्हतं. तिने पुंडलिकभाऊंचे हात पाहिले होते.

पुंडलिकभाऊ म्हणजे आमचे शेजारी. त्यांचं शेत रुळांपलीकडे, घर आमच्या कुंपणाला लागून. मागे एका पावसाळ्यात त्यांच्या हातांवर आणि मानेवर लाल चट्टे उठले. खाजवून खाजवून कातडी बाभळीच्या सालीसारखी झाली. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, गाजर गवतापासून लांब राहा. शेतकऱ्याने गवतापासून लांब राहायचं म्हणजे माशाने पाण्यापासून लांब राहावं तसं झालं. त्यांची बायको नलूबाई आमच्या ओट्यावर बसून रडली. विमलने तिला चहा दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे चढवून गल्लीच्या टोकापासून सुरुवात केली. तिथून पुढे दर पावसाळ्यात आमची गल्ली, शाळेमागची पडीक जागा आणि नाल्याकडे जाणारी पायवाट ती साफ ठेवायची. लोक आधी हसले. मग कुणी कुणी सोबत आलं. शेवटी तर नलूबाई कुंपणावरून हाक मारायची, "विमलताई, ऊन पडलं वं! येता का मी एकटीच जाऊ?"

तिचा नियम एकच होता: फुलाच्या आधी. फूल यायच्या आत, मुळासकट. नुसतं वरून छाटलं तर ते खालून फुटतं आणि आडवं पसरतं. फुलाच्या आधी उपटलेलं गवत ती परसातल्या खड्ड्यात टाकायची. एक थर गवताचा, एक शेणकाल्याचा, वर माती. फुलावर आलेलं गवत खड्ड्यात कधीच नाही. ते वेगळं ठेवून, वाळवून जाळायचं. त्याचं बी तिळाहून बारीक आणि काळं असतं, मातीत पडलं की मातीच होऊन जातं, वर्षानुवर्षं वाट बघत राहतं. हे ती मला सांगायची. मी "हं" म्हणायचो. लग्न जुनं झालं की नवऱ्याच्या या ‘हं’ला काही किंमत राहत नाही, पण तिने सांगणं सोडलं नव्हतं.

श्रावणात त्या गवतावर भुंगे येतात. पिवळट पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघा असलेले, हरभऱ्याच्या डाळीएवढे. ते हे गवत खातात, बाकी पिकाकडे सहसा फिरकत नाहीत. विमलने ते कृषी प्रदर्शनात पाहिले होते, आणि आमच्याकडे दिसल्यावर तिला पाहुणे आल्यासारखा आनंद झाला. एकदा तिने ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरले, झाकणाला खिळ्याने भोकं पाडली आणि डबा मांडीवर घेऊन एसटीने माहेरी निघाली, गिरडला. मी सोबत होतो.

कंडक्टरने विचारलं, "ताई, डब्यात काय हाय? खुडखुड आवाज येऊन राह्यला."

"भुंगे."

"भुंगे? कायले?"

"माहेरी नेऊन राह्यली."

"लोकं माहेरी अनारसे नेतात बाप्पा."

"अनारसे आमचे भाऊ खातात. यांले गवत खायचं हाय."

"मंग यांचं तिकीट?"

"अर्धं लावा. मांडीवर बसून राह्यले."

सगळी गाडी हसली. मी पुस्तक जरा वर धरलं. गिरडला टेकडीखालच्या भावाच्या शेताच्या बांधावर तिने तो डबा उपडा केला. भुंगे गवतावर चढेपर्यंत ती उकिडवी बसून राहिली. वर दर्ग्याच्या पायऱ्यांवरून माणसं उतरत होती. भाऊ म्हणाला, "चाल ना वं, जेवण थंडं होते." ती म्हणाली, "यांचं तर सुरू होऊ दे आधी."

ज्या पावसाळ्यात विमल गेली, त्या पावसाळ्यात आम्ही आषाढभर वर्ध्याच्या दवाखान्यात होतो. उपटायचं ऊन खिडकीबाहेर येऊन गेलं. एकदा तिने विचारलं, "अंगणात काय चाललं?" मी म्हणालो, "सगळं ठीक आहे." अंगणाकडे मी बघितलेलंच नव्हतं. श्रावणात ती गेली.

तेरवीच्या दिवशी आमचं अंगण आणि परस पांढऱ्या फुलांनी भरलं होतं. पुण्याहून आलेली माझी भाचसून म्हणाली, "मामा, मामींनी किती छान फुलं लावलीत." तिने त्यातली एक जुडी तोडून विमलच्या फोटोपुढे तांब्यात ठेवली. मी त्या फुलांकडे बघितलं आणि मला वाटलं, छान दिसतात. फोटोतली विमल त्या जुडीमागे हनुवटीपर्यंत झाकली गेली होती. नलूबाई पाट उचलायला आत आली. ती तांब्यासमोर थबकली. मग तिने तो पदराआड धरून मागच्या दाराने बाहेर नेला आणि थोड्या वेळाने त्यात तुळशीची मंजिरी घालून परत आणून ठेवला. त्या दिवशी मला त्याचा अर्थ लागला नाही.

घरात एकटं राहिल्यावर गेलेल्या माणसाचं एखादं काम पुढे चालू ठेवावं असं वाटतं. तिची भांडी घासता येत होती, पण तेवढ्याने भागेना. दसऱ्यानंतर मी विळा काढला. गवत माझ्या छातीपर्यंत आलं होतं, फुलं तपकिरी होऊन झडत होती. हातांत तेच मोजे घातले आणि बरेच दिवस खपून अंगण आणि परस रिकामं केलं. सगळं नेऊन खड्ड्यात टाकलं, तिच्या थरांवर माझे थर. शेणकाला, माती, पुन्हा गवत. कपाळावरचा घाम पुसताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं. कुंपणापलीकडे पुंडलिकभाऊ बसले होते. ते म्हणाले, "भाऊजी, लय मेहनत करून राह्यले." मी म्हणालो, "तिचं काम आहे." त्यावर ते उठून आत गेले. बायको जाऊन जेमतेम दोन महिने झालेल्या माणसाला कोण काय सांगणार?

आमच्याकडे अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याचा घडा देतात. घरातून माणूस गेल्यानंतर येणारी पहिली अक्षय तृतीया मोठी. त्या दिवशी दिलेलं कधी सरत नाही, अशी समजूत आहे. विमल दर वर्षी याच सुमाराला खड्डा उकरायची आणि पावसाआधी ओळखीच्या बायकांना खत वाटायची. मी दोन्ही एकत्र केलं. खड्डा उकरला, खत चाळणीने चाळलं. काळंभोर, भुसभुशीत, ओल्या लाकडासारखा वास. तिचे थर आणि माझे थर चाळणीतून एकाच ढिगात पडले. बाजारातून पांढऱ्या पिशव्या आणल्या, भरल्या, सुतळीने तोंडं बांधली आणि प्रत्येक पिशवीवर काळ्या शाईने लिहिलं: विमलच्या नावे. पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक टाकून टाकून माझं अक्षर वळणदार झालं आहे. घड्यासोबत एकेक पिशवी मी स्वतः घरोघर नेऊन दिली. बायकांनी ती दोन्ही हातांनी घेतली. कांताभाभींनी तर पिशवीला हळदीकुंकू लावलं. एक पिशवी मी माझ्यासाठी ठेवली. ती उघडायची नव्हती.

गेल्या वर्षीचा पाऊस वेळेवर आला. माझ्या अंगणात गवत उगवलं ते मी उपटत होतो. त्याआधीच्या वर्षी झडलेलं बी, ते येणारच, एवढं मला आता कळत होतं. पण खड्ड्यात मी काय टाकलं होतं, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहायला मन तयार नसावं. ग्रंथालयात चुकीच्या कप्प्यात ठेवलेलं पुस्तक हरवतं, पण ते तिथेच राहतं, वाढत नाही. मी अशाच चुकांना सरावलेला माणूस.

श्रावणात नलूबाईने तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, भाजी पाठवली होती. तरोटा हा विमलचा आवडता; भाजीलाही आणि गाजर गवताला दाबायलाही. त्याचं बी ती उन्हाळ्यात कुंपणाकडेने फेकून ठेवायची, कारण तरोटा दाट आला की गाजर गवताला जागा उरत नाही. भाजी खाऊन, डबा धुऊन मी तो परत द्यायला गेलो. पुढच्या दाराशी कुणी नव्हतं म्हणून मागे वळलो.

परसात नलूबाई पाठमोरी बसली होती. हातांत मोजे होते. ती वांग्याच्या ओळींमधून गवत उपटत होती आणि शेजारच्या पिशवीत कोंबत होती. पुंडलिकभाऊ न्हाणीजवळ बाजेवर, बाह्या दुमडून, हातांना खोबरेल तेल लावत होते. हात कोपरापर्यंत लाल, मधूनमधून पाणी सुटलेलं. मला पाहताच त्यांनी बाह्या खाली ओढल्या. नलूबाईने मागे बघितलं, आणि बोलायच्या आधी तिने एक गोष्ट केली. शेजारची पिशवी उचलून उलट ठेवली.

पांढरी पिशवी होती. उलटताना मला माझं अक्षर दिसलं.

"काही नाई भाऊजी," ती म्हणाली, "यंदा पावसानं लय कचरा झाला."

मी वाफ्याकडे बघत होतो. बाकी परस साफ होतं. गवत होतं ते फक्त वांग्याच्या ओळींत, एकेका झाडाच्या बुडाशी गोल, जिथे जिथे मूठमूठ खत घातलं असेल तिथे तिथे. ते इतकं नीट आखल्यासारखं उगवलं होतं की विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं.

"हे खतातलं आहे ना?"

"खतातलं कायचं? वाऱ्यानं येते थे. रेल्वेकडून उडून येते."

पुंडलिकभाऊ मागून म्हणाले, "वाऱ्यानं बरोब्बर वांगे पाहून पेरलं म्हणा."

"तुमी गप बसा!" नलूबाई ओरडली. मग माझ्याकडे वळून, एकदम हळू: "डबा ठेवा तिथं. चहा मांडते."

मी चहा घेतला नाही. डबा ठेवला की हातातच राहिला, आठवत नाही.

लाज या गोष्टीवर मी पुष्कळ वाचलं आहे. ती कान लाल करते, मान खाली घालायला लावते, असं सगळे लिहितात. माझी लाज मला सरळ घरी घेऊन आली. मी दार लावून घेतलं. खरं तर एवढ्याशा चुकीवर कुणीही म्हणेल, होतं असं, दुःखात होता माणूस. ते मीही स्वतःला म्हणून पाहिलं. पण पुंडलिकभाऊंच्या हातांना माझ्या दुःखाशी काही देणंघेणं नव्हतं. ज्या हातांसाठी तिने हे सगळं सुरू केलं, त्याच हातांवर मी तिच्या नावाने ते नेऊन ठेवलं होतं. आणि पाऊसभर त्या दोघांनी ते माझ्यापासून लपवलं होतं. मला भाजीही पाठवली होती.

त्याहून एक भीती मोठी होती. ती मला किराणा घेताना कळली. दुकानात दोन बायका बोलत होत्या. एक म्हणाली, "आमच्या जास्वंदीत बी विमलताईचं गवत आलं पाहाय." दुसरी म्हणाली, "आमच्या कुंडीत बी." त्या टोमणा मारत नव्हत्या. वाईट काही मनात नव्हतं. शेपूचं वाण जसं आणणाऱ्याच्या नावाने ओळखतात तसं त्या सहज म्हणाल्या. मी साखरेच्या पोत्याआड उभा होतो. गवताला नाव असंच पडतं, ते कुणाबरोबर आलं त्यावरून. एकदा पडलं की ते लोकांच्या तोंडून कुणी उपटू शकत नाही. आणखी दोन पावसाळे गेले असते की लेकीसुनांना ठाऊकही राहिलं नसतं की विमल कोण होती. फक्त गवत राहिलं असतं, तिच्या नावाचं. जिने आयुष्यभर ते उपटलं तिच्या.

पोत्याआडून मी बाहेर आलो आणि म्हणालो, "ते विमलचं नाही. माझं आहे." दोघी दचकल्या. एकीने पदर नीट केला. मी पुढे काय बोललो ते नीटसं आठवत नाही, पण साखर न घेताच बाहेर पडलो आणि तिथून सरळ घरोघर गेलो.

मला ते खत परत हवं होतं.

आधी कांताभाभींकडे. त्यांचं सरकीचं दुकान, वर घर, गच्चीवर गुलाब. मी दारातच म्हणालो, "भाभी, अक्षय तृतीयेला दिलेलं खत परत करा. त्यात बी आहे."

त्या ओशाळल्या. "काकाजी, बुरा मत मानो. सगळ्या कुंड्यांत ते गवत निघालं, तर आम्ही ती माती खाली नालीत टाकून दिली. पर थैली ठेवली हं, विमलताईचं नाव होतं." त्यांनी आतून पिशवी आणली. धुतलेली, घडी घातलेली, नावाची शाई धुण्याने फिकट झालेली. हळदीचा डाग होता तसाच. मी पिशवी घेतली. नाली जिथे नाल्याला मिळते तिथे परतताना थांबलो. काठावर कोवळं गोल गोल उगवलं होतं. विमलने साफ ठेवलेली पायवाट तीच.

दुसऱ्या घरी तिथल्या सासूबाईंनी मला खुर्ची दिली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मेलेल्या माणसाच्या नावानं देल्लं मागतात का, गुरुजी? आमाले पाप लागन." मी म्हणालो, पाप माझ्याकडे. त्या म्हणाल्या, पापाचं असं इकडून तिकडे देता येत नाही. सुनेने मागून खूण केली, खत केव्हाच मातीत मिसळलं आहे, आता काय वेगळं काढणार? तिसऱ्या घरी कुलूप होतं, आणि कुलपाखालच्या पायरीलगत, कुंडीत, फुलावर आलेलं एक झाड. तेवढं मी उपटून खिशात घातलं. दुसऱ्याच्या दारातून चोरासारखा निघालो.

नलूबाईकडे शेवटी गेलो. तिच्याकडे जायचं मी दिवसभर टाळलं होतं. पुंडलिकभाऊ जेवत होते. मी उभ्यानेच सांगितलं, "मला माहीत असायला हवं होतं. ती मला दर वर्षी सांगत होती. खत परत द्या, वाफ्यातली माती मी उकरून नेतो, नवी माती आणून घालतो."

नलूबाईने ताटात भाकर वाढली, हात पुसले. "थे नाई होत," ती म्हणाली. "तिच्या नावानं घेतलं म्या. घड्यासंग घेतलं. आता परत देलं त मी तिचं घेतलंच नाई असं होते. तुमचं काही बी असो, मले थे चालत नाई."

"पण भाऊंचे हात..."

"हात मले दिसतात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण पुंडलिकभाऊ जेवायचे थांबले. "रोज रात्री तेल मीच लावते. तुमाले काय वाटते, राग नाई आला मले? लय आला. पोळ्या पाठवणं बंद केल्तं, लक्षात तरी आलं का?"

लक्षात आलं नव्हतं.

"मंग इचार केला, या माणसाले कोण सांगन? सांगणारी त गेली." तिने भाकरीची टोपली झाकली. "परत देणं नाई. तुमी येजा. दर आठवड्याले येजा, ऊन पडलं का. वांग्यातलं उपटून जाजा. फुलाच्या आधी. तिच्यासारखं."

पुंडलिकभाऊ म्हणाले, "मोजे आणजा सोबत. आमचे फाटले."

मी तसाच उभा होतो. बसायचा धीर होत नव्हता. नलूबाईने पाट सरकवला. "बसा आता. का भाकरीत बी गवत हाय म्हन्ता?"

गेल्या वर्षीचा उरलेला पावसाळा मी त्या घरांतून काढला. माझ्यासारख्या माणसाला याहून अवघड शिक्षा शोधून सापडली नसती. गावात इतकी वर्षं राहूनही कुणाचं परस मी आतून पाहिलेलं नव्हतं. आता दर आठवड्याला दारात जाऊन म्हणायचं, "मी गवत उपटायला आलो." बायका आधी संकोचायच्या. कुणी धुणं ओढून घ्यायची, कुणी नवऱ्याला पुढे करायची. पापाला घाबरणाऱ्या सासूबाई माझ्या मागे खुर्ची टाकून बसतात आणि राहिलेलं रोप काठीने दाखवतात. "थे पाहा. थे नाई का दिसत? चष्मा पुसा." कांताभाभींच्या कुंड्यांत आता काही नाही, म्हणून मी नाल्याचा काठ धरला. खाली वाकलं की कंबर धरते. दुसऱ्याच्या मातीत, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर बसून स्वतःचीच चूक मुळासकट काढताना माणसाला मान वर करायची सवड मिळत नाही, एवढं एक बरं.

काही घरांतून अजूनही ते तिच्या नावाने ओळखलं जातं. मी दर वेळी दुरुस्त करतो. काही जणी ऐकतात.

माझ्याकडची ती एक पिशवी वर्षभर देवघराखाली होती. तीत तिच्या हातचे थर होते. शेवटचे, दवाखान्यात जायच्या आधी घातलेले. माझेही होते, आणि दोन्ही वेगळे करता येत नव्हते. पुरून टाकावी तर बी मातीत वाट बघत बसणार. जाळावी तर तिचं जे आत होतं तेही जाळायचं, आणि तेवढं माझ्याच्याने झालं नाही. शेवटी यंदा पाऊस लागल्यावर मी सुतळी सोडली, घमेली आणून गच्चीवर मांडली आणि खत त्यांत पातळ पसरलं. सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालतो. पाणी मिळालं की बी उगवतं. उगवलं की उपटायचं, खालचं वर करून पुन्हा पाणी घालायचं. असं करत एक दिवस त्यात काही उगवणार नाही. तो दिवस या पावसाळ्यात येणार नाही, पुढच्याही नाही कदाचित. उगवायचं थांबलं की मग ते खत निव्वळ तिचं असेल. तेव्हा ते कुणाला तरी देता येईल.

आज या उघाडीत मी गच्चीवर पाणी घालत होतो. खाली गल्लीत वर्दळ होती, शाळा सुटली होती, दोन बायका गिरणीवरून दळण घेऊन चालल्या होत्या. पुंडलिकभाऊ ओट्यावर उभे होते. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "भाऊजी, काऊन पाणी घालून राह्यले त्या गवताले? भाजी करता का?"

दळणवाल्या दोघी थांबून वर बघायला लागल्या. गेल्या वर्षी मी झारी ठेवून आत गेलो असतो.

"माझं आहे," मी वरून म्हणालो. "माझ्या हातचं आहे. सगळं उगवू द्यायचं, मग उपटायचं."

आवाज चिरकला, पण खालपर्यंत गेला. एक बाई दुसरीला काहीतरी म्हणाली आणि त्या निघाल्या. पुंडलिकभाऊ हसले. एवढ्या उकाड्यात त्यांनी लांब बाह्यांचा सदरा घातला होता, मनगटाची बटणंही लावलेली.

"बरं हाय," ते म्हणाले. "पण फुलाच्या आधी, हं." आणि त्यांनी हात वर केला तेव्हा बाही थोडी खाली सरली. मी मनगटावरचे चट्टे पाहिले. त्यांनीही मला पाहताना पाहिलं, आणि या वेळी बाही वर ओढली नाही.

मी झारी भरायला वळलो. वांग्यांकडे जायचं होतं, ऊन अजून होतं.